धनाजी जाधव ताराराणींच्या प्रेमात नव्हते

‘कोल्हापूरच्या गादीची खरी कहाणी’ नावाचा मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्याचा सारांश असा: राजाराम महाराजांवर विषप्रयोग झाला, सेनापती धनाजी जाधव महाराजांच्या राणी ताराराणींच्या प्रेमात होते आणि नकार मिळाल्यावर शाहूंना जाऊन मिळाले, दोन सवतींच्या भांडणातून कोल्हापूरची गादी जन्मली, आणि म्हातारपणी ताराराणींनी सत्तेसाठी नातवाला कैद केलं. माझ्या दहावीतल्या भाचीने हे सगळं भाषणाच्या वहीत उतरवून घेतलं. “मामा, मालिकांत पण असंच असतंय की,” म्हणाली. म्हणून लिहितोय.

विषाचं आधी उरकतो. राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर आजाराने गेले. विष मालिकेला लागतं, तिथे ते नव्हतं.

धनाजींचा मुद्दा मात्र संतापजनक आहे. शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि त्यांची सुटका झाली. संभाजी महाराजांचा मुलगा परत आला म्हटल्यावर गादी कुणाची, हा प्रश्न प्रत्येक सरदारापुढे उभा राहिला. शाहू आणि ताराराणींच्या फौजांत खेडची लढाई झाली, तेव्हा धनाजी शाहूंच्या बाजूला गेले ते याच पेचातून. पुढे त्यांचाच मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराराणींकडे आला. मग त्याच्यासाठी आता कोणती प्रेमकथा रचणार? बाईने फौज चालवली की तिच्यामागे कुणीतरी प्रेमिक उभा करायचाच, ही खोड फार जुनी आहे.

ताराराणींनी काय केलं हे खाफीखानाकडून ऐका. तो मोगलांकडचा बखरकार, मराठ्यांचं कौतुक करण्याचं त्याला काही कारण नव्हतं. तरी तो लिहितो की ही बाई हुशार होती आणि मुलकी व लष्करी कारभारातली तिची जाण नवरा हयात असतानाच सगळ्यांना ठाऊक होती. तिच्या फौजा सिरोंज, मंदसौरपर्यंत माळव्यात घुसल्या, हेही त्यानेच नोंदवलंय. तेव्हा ताराराणी पंचविशीत होत्या आणि गादीवर बसवलेला मुलगा चार वर्षांचा. सात वर्षं औरंगजेब दख्खनमध्ये झुंजत राहिला आणि शेवटी अहमदनगरला मेला. कोल्हापूरच्या कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेला पुतळा आहे तो या बाईचा.

सवतींचं भांडण? १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला, ताराराणींच्या सवत राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले आणि ताराराणी मुलासह कैदेत पडल्या, हे खरं. पण गादी त्याच्या आधीची आहे. १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला आणि दोनच वर्षांत पन्हाळ्याहून वेगळं राज्य चालू लागलं, तीच ही कोल्हापूरची गादी. भांडण सातारा आणि पन्हाळ्याचं होतं. ते १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटलं, तेही शाहू आणि संभाजी यांच्यात.

राहिला नातू. इथे मला मान्य करावं लागतं. १७५० मध्ये पंच्याहत्तरीच्या ताराराणींनी शाहूंनंतर साताऱ्याच्या गादीवर आलेल्या रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. ज्याला आपला नातू म्हणून पुढे आणलं, तो आपला नातूच नव्हे, असं त्यांनी दोन वर्षांनी जेजुरीला शपथेवर सांगितलं. याचं समर्थन मी करणार नाही. पण रामराजांनी नानासाहेब पेशव्यांना दूर करावं असा त्यांचा आग्रह होता आणि रामराजे तयार झाले नाहीत, म्हणून ही कैद झाली. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही. ते लिहा, आणि मग त्यांना खुशाल कठोर म्हणा.