स्पेन्सर यांची दोलामुद्रिते आणि उतरवलेले पुठ्ठे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. इंग्लंडमधल्या ऑल्थॉर्पचे उमराव आणि ग्रंथसंग्राहक दुसरे अर्ल स्पेन्सर यांनी विकत घेतलेल्या दोलामुद्रितांचा, म्हणजे मुद्रणाच्या अगदी सुरुवातीच्या काळात छापलेल्या पुस्तकांचा, पूर्वेतिहास (जुने पुठ्ठे, आधीच्या मालकांच्या नोंदी) पुसला, असे मी लेखात लिहिले होते. (मराठीत आपण हा शब्द १८६७ पर्यंतच्या पुस्तकांना लावतो; युरोपात ती सीमा १५०० सालाची आहे.) त्यांनी पैसा ओतला नसता तर मठांमधली पुस्तके रद्दीत गेली असती आणि जुन्या मालकांच्या खरडण्याने ग्रंथाचे मोल वाढत नाही, असे आपले दोन आक्षेप आहेत.

पहिल्यात तथ्य आहे. १८०३ मध्ये जर्मन मठांची मालमत्ता सरकारजमा झाल्यावर त्यांचे ग्रंथ वाऱ्यावर पडले होते, आणि स्पेन्सर यांच्या हाती आलेले ग्रंथ पुढे फुटून विखुरले नाहीत. १८९२ मध्ये मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयाच्या संस्थापक एन्रिकेटा रायलँड्स यांनी चाळीस हजारांहून अधिक ग्रंथांचा तो संग्रह २,१०,००० पौंडांना एकत्रच घेतला आणि १९०० पासून तो मँचेस्टरमध्ये वाचकांसाठी खुला झाला.

दुसरा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. गुटेनबर्गच्या बायबलात छपाईचे वर्ष कुठेही छापलेले नाही. माइन्झच्या हाइन्रिख क्रेमर नावाच्या धर्मगुरूने आज पॅरिसमध्ये असलेल्या प्रतीचे रंगकाम आणि बांधणी पुरी केल्याच्या तारखा स्वतःच्या हाताने त्या प्रतीत लिहिल्या, म्हणूनच ऑगस्ट १४५६ पूर्वी ते छापून झाले होते हे ठामपणे सांगता येते. त्या प्रतीची पाने कोणी धुऊन काढली असती, तर मुद्रणाच्या इतिहासातला हा आधारच निखळला असता.

आणि स्पेन्सर यांच्या पिढीतले धनिक संग्राहक नेमके तेच करवून घेत. पुस्तक नुकतेच छापखान्यातून आल्यासारखे दिसावे म्हणून पाने धुतली जात, मठातला लाकडी पुठ्ठा उतरवून मोरोक्को म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बकऱ्याच्या चामड्याची नवी बांधणी चढवली जाई, आणि अपुऱ्या प्रतीत दुसऱ्या प्रतीची पाने घालून ती ‘पूर्ण’ केली जाई. अशा प्रतीचा पूर्वेतिहास सांगायचा तरी कोणत्या पानाचा? त्या काळी यात कोणाला वावगे वाटत नव्हते, हे खरे. पण म्हणून झालेले नुकसान भरून येत नाही.

एके ठिकाणी मात्र मी चुकलो. ‘सगळे जुने पुठ्ठे गेले’ हे माझे वाक्य अतिरेकी होते. जर्मनीतल्या बुक्सहाइमच्या मठातल्या एका हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेले, १४२३ साल कोरलेले संत ख्रिस्तोफरचे काष्ठठशाचे चित्र स्पेन्सर यांच्याच संग्रहातून मँचेस्टरला पोहोचले. ते वाक्य मी लेखातून काढत आहे. बाकीच्या मजकुरावर मी ठाम आहे.