फाइट नाइट भरवायचीय? आधी मांडववाल्याला फोन करा

मिसळीचं हॉटेल काढायचं तर अन्न परवाना भिंतीवर टांगावा लागतो. दोन पोरांना एकमेकांच्या डोक्यात लाथा घालायला लावायच्या आणि त्याची तिकिटं विकायची, तर नाशकात भिंतसुद्धा लागत नाही. एक लॉन्स, एक रिंग आणि चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स, झालं काम. तेव्हा संयोजक व्हायचं तुमच्या मनात घोळत असेल तर लाजू नका. चार गोष्टी सांगतो, तेवढ्या गाठीला बांधा.

पहिला फोन मांडववाल्याला करा. दुसरा साउंडवाल्याला, तिसरा भाऊंना. भाऊ म्हणजे तुमच्या प्रभागातले भाऊ, ज्यांचा फोटो फ्लेक्सवर लढणाऱ्या पोरांपेक्षा तिप्पट मोठा असतो. डॉक्टरचा नंबर पुढे येईल, घाई नको.

परवानग्या मात्र रीतसर काढा. आपण कायद्याने चालणारी माणसं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ सालचा आहे, त्याखाली सार्वजनिक करमणुकीला पोलिसांची परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, म्हणून भोंगा रात्री दहाला बंद. मांडव, फ्लेक्स यांचं महापालिकेत बघा. साहेब विचारतील, गाड्या कुठे लावणार, डीजे आहे का, माणसं किती येणार, स्वयंसेवक किती. उत्तरं पाठ करून जा. पोरगं आडवं झालं तर त्याला उचलणार कोण, असं कोणी विचारलंच तर साहेब नवीन बदलून आलेत असं समजा आणि चहा मागवा.

तुम्ही म्हणाल, सरकारला सुरक्षिततेची काळजी नाही की काय? आहे हो, भरपूर आहे. बैलगाडा शर्यत भरवून बघा. २०१७ साली राज्याने त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं वैध ठरवलं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहिजे. धावपट्टी हजार मीटरच्या वर नको. पळण्याआधी बैलाला पशुवैद्यकाने तपासलं पाहिजे. बैलाला काठी लावली, टोचलं, तर गुन्हा. पोराच्या बरगडीत गुडघा घातला तर पॉइंट. गोविंदांचंही तसंच. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला आणि थरावरून पडून कोणी गेला तर दहा लाख जाहीर झाले. म्हणजे बैलाला डॉक्टर आहे, गोविंदाला भरपाई आहे. तुमचा लढवय्या ना बैल, ना गोविंदा. तो या दोन्हींच्या मधल्या बोळात उभा आहे, आणि त्या बोळात लाइट नाही. तुमच्या धंद्याला हीच जागा सोयीची.

आता संघटना काढा. संघटनेशिवाय स्पर्धा म्हणजे वरातीशिवाय लग्न. सोसायटी नोंदणीचा कायदा १८६० सालचा, त्याला सात माणसं लागतात. तुम्ही, मंडळी, मेहुणा, मेहुण्याचा पार्टनर, सिडकोतला साडू, तुमचा जिमवाला आणि एक ज्येष्ठ सल्लागार, ज्यांना सही करताना चष्मा सापडला नाही, ते. झाले सात. नावात जिल्हा घालू नका, तिथे हद्दीची भांडणं होतात. ‘ऑल इंडिया’पासून सुरू करा, ‘वर्ल्ड’ मोकळं असेल तर तेच घ्या. पत्ता फ्लॅट नंबर चारचा असला तरी चालतो. आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्याच खेळाची दुसरी वर्ल्ड फेडरेशन निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. दोन फेडरेशन म्हणजे दोन विश्वविजेते, दोन्ही आपल्या नाशिकचे. आईबापांना काय हवं असतं? प्रमाणपत्र. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के जागा आहेत, हे ते तुमच्यापेक्षा नीट जाणतात. त्यांना त्या कागदाने नोकरी मिळेल की नाही हे सांगायचं काम तुमचं नाही, तुमचं काम प्रवेश फी घेणं.

केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, म्हणून धास्तावू नका. त्यात क्रीडा मंडळ आहे, न्यायाधिकरण आहे, महासंघांच्या निवडणुका आणि तंटे आहेत. तुमच्या लॉन्सवर साडेनऊला कोण कोणाला कुठे मारतंय, हे बघायला दिल्लीहून कोणी येत नाही. व्यावसायिक बॉक्सिंग किंवा मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतींना परवाना देणारा, डॉक्टर तपासणारा असा कायद्याने नेमलेला आयोग आपल्याकडे नाहीच. घटनेच्या राज्यसूचीत तेहतिसाव्या नोंदीत नाटकं, सिनेमे, खेळ आणि करमणूक एकाच दावणीला बांधलेत. तुम्ही करमणूक करताय. बस्स.

तरी कोणी वकील मित्र भेटला की तो घाबरवणार. त्यासाठी संमतीपत्र छापून घ्या. ‘मी स्वखुशीने लढत आहे, काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत’, खाली सही. वकिलांना हे दाखवलं की ते आधी हसतात. मग सांगतात की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं कलम ८७ आता २५ झालं. संमतीने खेळताना इजा झाली तर तो गुन्हा नाही, असं त्यात आहे. उदाहरणही आहे, दोघे जण करमणुकीसाठी तलवारबाजी करायचं ठरवतात. ऐकून तुमचा जीव भांड्यात पडेल. पण वकील पुढे वाचतो, ही सवय वाईट. कलम म्हणतं, संमती देणारा अठराच्या वरचा हवा, आणि मरण किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव आहे हे करणाऱ्याला ठाऊक नसावं. तुमच्या फ्लेक्सवर तर लिहिलंय ‘आज रक्त सांडणार’. फ्लेक्स बदला. आणि सोळा वर्षांच्या पोराची सही घेताना वयाचा रकाना मोकळा सोडा, त्याची आई सातपूरला कंपनीत दुसऱ्या पाळीला असते, ती काही विचारायला येणार नाही.

निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर काय, तेही विचारून ठेवा. पूर्वीचं ३०४-अ, दोन वर्षं. आता कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून झालं तर मात्र दोनच. हे वाचल्यावर रिंगशेजारी डॉक्टर बसवावा, असा विचार तुमच्या मनात चमकून जाईल. स्वतःसाठी, पोरासाठी नव्हे. तो विचार तसाच जाऊ द्या.

कारण इंग्लंडात काय झालं ऐका. सप्टेंबर १९९१ मध्ये लंडनला मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक यांची लढत झाली. वॉटसन कोसळला, मेंदूत रक्तस्राव. रिंगशेजारी श्वास सांभाळण्याची, शुद्धीवर आणण्याची पुरेशी सोय नव्हती, वेळ गेला. माणूस वाचला, पण अपंग झाला. त्याने तिथल्या बॉक्सिंग मंडळावर दावा लावला आणि २०००च्या डिसेंबरात वरच्या कोर्टानेही मंडळालाच जबाबदार धरलं. का? कारण नियम मंडळ करत होतं, मग ते पुरेसे असायला हवे होते. (वॉटसनने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन चालत पूर्ण केली, सहा दिवस लागले. हे तुमच्या उपयोगाचं नाही, मला आठवलं म्हणून सांगितलं.) आता यातून शहाण्या संयोजकाने काय घ्यायचं? ज्याने नियम केले, तो सापडला. म्हणून नियमच करू नका. आपल्या सरकारला हा धडा इंग्रजांच्या आधीपासून पाठ आहे.

अमेरिकेचं ऐकू नका, ते लोक वेडे आहेत. १९९६च्या त्यांच्या कायद्याने व्यावसायिक बॉक्सिंगच्या लढतीत डॉक्टर सतत रिंगशेजारी, रुग्णवाहिका किंवा जीव वाचवायची साधनं घेतलेली माणसं सतत जागेवर, आधी तपासणी, प्रत्येक बॉक्सरचा आरोग्य विमा, हे सगळं सक्तीचं. एका राज्यात कोणी बेशुद्ध पडला आणि त्याला लढायला बंदी झाली, तर दुसऱ्या राज्यानेही ती पाळायची. आपल्याकडे पोरगं या रविवारी नाशकात आडवं झालं तर पुढच्या रविवारी मालेगावला ताजंतवानं उभं राहतं. मेंदूला लागलेला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो किती घातक, यावर डॉक्टर लोक पानंच्या पानं लिहितात. लिहू देत.

वजनाचं तेवढं सांभाळा. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमने बाहेर गेली आणि अख्खा देश रडला. तुमच्याकडे असं कोणाला रडावं लागणार नाही, कारण काटा मार्केट यार्डातला आहे, द्राक्षाच्या क्रेटचा, त्याला शंभर ग्रॅम दिसतच नाहीत. चौसष्ट आणि एकाहत्तर हे ‘साधारण सारखंच’. आणि पोरं रेनकोट घालून भर उन्हात पांडवलेणीच्या पायऱ्या चढउतार करत असतील, दोन दिवस पाणी सोडलं असेल, तर त्यांच्या जिद्दीवर स्टेटस ठेवा. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना महिना-सव्वा महिन्यात गेले, मग तिथे वजनाचे नियम बदलले. आपण स्टेटस बदलू.

इथे एक जुनी खोड मोडायला सांगतो. गावाकडच्या जत्रेत कुस्त्यांची जोड कशी लागायची, आठवतं? हलगी वाजत असायची, वस्ताद आखाड्याच्या कडेला उभे. पोराचा दंड चाचपायचे, मान बघायचे, दुसऱ्याला पुढे बोलवायचे, आणि जोड बरोबरीची वाटली नाही तर सरळ हात झटकायचे, ‘ही नाही लागत’. इनाम कितीही असो. खाली तेल, ताक, हळद घालून मळलेली माती. त्या म्हाताऱ्याकडे ना फेडरेशन होती ना काटा, पण तो ‘नाही’ म्हणायचा आणि लोक ऐकायचे. असा माणूस आपल्या कार्यक्रमात चुकूनही नको. त्याला शाल देऊन पहिल्या रांगेत बसवा, रिंगजवळ येऊ देऊ नका. मातीऐवजी पेव्हर ब्लॉकवर ज्युडोची पातळ मॅट अंथरा, वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

पंच मेहुणाच ठेवा. २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत एका मल्लाने पंचाला लाथ मारली, तर त्याला तीन वर्षांची बंदी घातली गेली. मेहुण्याला लाथ बसली तर घरातच मिटतं.

हां, डॉक्टर. फ्लेक्सवर ‘वैद्यकीय पथक’ लिहायचंच. सोसायटीतले दाताचे डॉक्टर बोलवा, दात तर पडणारच आहेत. त्यांना साडेआठला नारळ-शाल द्या, पावणेनऊला ते जातील, त्यांचेही पेशंट असतात. रुग्णवाहिकेचा फोटो दुपारीच काढून ठेवा. नंतर तिला थांबवायचं भाडं वाया. लागलीच तर १०८ आहे.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवू नये. जुलै २०२२ मध्ये बंगळूरुला किकबॉक्सिंगच्या लढतीत म्हैसूरचा तेवीस वर्षांचा पोरगा डोक्याला मार लागून कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. जागेवर डॉक्टर, रुग्णवाहिका नव्हती, असा आरोप झाला. गुन्हा नोंदवला गेला. त्याच्या वडिलांनी तक्रार दिली होती.

असो. तुमच्या रात्रीकडे येऊ.

साडेनऊ वाजलेत. दहाला भोंगा बंद, म्हणून शेवटच्या तीन लढती उरकायच्या आहेत. भाऊ अजून भाषण करतायत. मग लढत, आणि चाळीस सेकंदांत पोरगं पडतं. घाबरू नका, उठतं. हसतंसुद्धा, सेल्फी देतं. कवटीच्या आत रक्त साचायला लागलं तरी माणूस काही वेळ असा चांगला बोलतो, मग डोकं दुखतंय म्हणतो, ओकतो, झोप येतेय म्हणतो. तुम्ही म्हणा, वडापाव बाधला. खुर्चीवर बसवा, वारा घाला, बक्षीस समारंभ उरकून घ्या.

अकराच्या सुमारास ते हाक मारून उठलं नाही तर त्याच्या भावाला गाडी काढायला सांगा. मध्ये त्याला बसवायचं, मागे तुमचा एक कार्यकर्ता. पुणे रोडवरच्या लॉन्सवरून मुंबई नाक्याकडच्या हॉस्पिटलात जायचं तर द्वारका चौक लागणारच, आणि लग्नसराईत तिथे गाडी अडकली की अडकली. पोराची मान कार्यकर्त्याच्या खांद्यावर कलंडली असेल, असू दे. कार्यकर्त्याला फोन करून सांगा, नॉकआउटचा व्हिडिओ तेवढ्यात टाकून घे. द्वारकेला रेंज चांगली असते.