माझ्याच घरी माझी चोरी

ग्रंथपाल मॅडमनी माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा साम्य-तपासणी अहवाल हातात देताना आवाज एकदम खाली आणला. शेजारच्या टेबलावर माझ्याच वर्गातली दोन मुलं बसली होती, म्हणून असेल.

"सर, त्रेचाळीस टक्के आलंय."

"कुणाचं उचललंय मी?"

"तुमचंच," त्या म्हणाल्या.

तिसरं प्रकरण नखशिखांत लाल झालं होतं आणि मूळ स्रोताच्या रकान्यात माझेच आधी छापलेले लेख, माझ्या नावासकट होते. चोर मी, फिर्यादी मी, आणि मुद्देमालही माझाच.

आता हे लेख मी हौसेने छापले होते का? मी २०१७ साली पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियमच होता, की प्रबंध देण्याआधी निदान एक शोधनिबंध छापून आणा आणि दोन परिषदांत वाचा. मी आज्ञाधारक, एकाऐवजी तीन छापले. मग २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम आले. १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, ४० पर्यंत सुधारून पुन्हा द्या, ६० पर्यंत वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. पुढे २०२० मध्ये आयोगाने हेही सांगून टाकलं, की स्वतःचा छापलेला मजकूर उल्लेखाशिवाय वापरणं हीही चोरीच. माझी ही तपासणी प्रबंध सादर करण्याआधीची होती म्हणून वाचलो, नाहीतर तीन टक्क्यांपायी वर्ष गेलं असतं.

(आमच्या एका सहकाऱ्याच्या प्रबंधात शून्य टक्के आले होते. मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला होता. मग कळलं, की त्यांनी सगळं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं आणि सॉफ्टवेअरला त्यातलं अक्षरही वाचता आलं नव्हतं.)

गाईड सर म्हणाले, "भाषा बदला. त्यात काय एवढं!"

माझा विषय दुष्काळी तालुक्यातल्या विहिरी. बेसॉल्टमध्ये पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. खडक तोच, भेगा त्याच, पाणीही तेवढंच. वेगळं सांगायचं काय? 'मार्चअखेर विहिरींची पातळी खालावते' हे लेखातलं वाक्य. त्याचं मी केलं 'मार्च सरता सरता विहिरी तळ दाखवू लागतात'. सरांनी समासात लिहिलं, 'कादंबरी लिहिताय का?' मग केलं 'विहिरींतील जलस्तराचा ऱ्हास मार्चअखेरीस दृग्गोचर होतो'. हे सरांना आवडलं. मला मात्र ते वाचून तहान लागली.

नियमात एक पळवाट आहे. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाचं साम्य मोजत नाहीत. मग मी बोटांवर शब्द मोजत बसायचो आणि पंधरावा आला की मध्ये एक 'तथापि' ठोकायचो. एका पानावर अकरा तथापि झाले. बायको म्हणाली, "लग्नाच्या पंगतीत मीठ वाढावं तसं वाढताय."

शेवटी मॅडमच मदतीला धावल्या. "सर, हे लेख तुमचेच आहेत हे प्रकरणाच्या सुरुवातीला लिहा, जिथे घेतलंय तिथे संदर्भ द्या, परवानगी आणि गाईडचं प्रमाणपत्र जोडा. तेवढे स्रोत वगळून मी पुन्हा अहवाल काढते." हे त्यांनी एकशे तिसाव्या तथापिच्या आधी सांगितलं असतं तर!

परवानगीसाठी नियतकालिकाच्या संपादकांना फोन लावला. लेख छापायचे पैसे मीच भरले होते आणि हक्क त्यांच्या नावे करून देणाऱ्या फॉर्मवर न वाचता सहीही मीच केली होती. संपादक म्हणाले, "आमची काही हरकत नाही. फक्त मूळ लेखकाचं ना हरकत पत्र जोडा."

"मूळ लेखक मीच आहे."

"मग काय, घरचंच काम! आणा लगेच."

रात्री बसून मी मला पत्र लिहिलं. 'प्रति' खाली माझं नाव, 'आपला नम्र' खालीही माझंच. 'सदर लेख वापरण्यास माझी हरकत नाही' हे लिहिताना क्षणभर वाटलं, अडवून धरावं. सर सहलेखक होते, त्यामुळे त्यांनी सहलेखक म्हणून परवानगी दिली आणि गाईड म्हणून ती खरी असल्याचं प्रमाणित केलं. दोन्ही सह्या एकाच पेनाने.

नवा अहवाल सात टक्क्यांचा आला. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, "काम उत्तम आहे. तिसऱ्या प्रकरणाची भाषा तेवढी बोजड झालीय. तुमचे लेख वाचलेत मी, त्यात किती सोपं लिहिलंय!" सर खिडकीबाहेर बघत होते.

पदवी मिळाली, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात चढला. २०२२ मध्ये आयोगाने प्रबंधाआधी निबंध छापायची सक्तीही काढून टाकली. मी म्हटलं, असो. गेल्या महिन्यात चौथ्या प्रकरणावरून एक लेख करून पाठवला, तो परत आला. अडतीस टक्के साम्य, स्रोत : शोधगंगा. सोबत सूचना : मूळ प्रबंधलेखकाचं ना हरकत पत्र जोडावे.

मागच्या वेळचं पत्र संगणकात आहे. पण तेच पुन्हा पाठवायचा धीर होत नाही.