रफर्डचं अनुदान म्हणजे पीएचडीची शिष्यवृत्ती नव्हे: माझ्याच पोस्टबद्दल खुलासा

विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांना वन्यजीव संवर्धनात पीएचडी करायची असेल, तर रफर्ड फाउंडेशन फी आणि राहण्याखाण्याचा सगळा खर्च देतं, असं परवा मीच लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. एक यादी न तपासता तशीच उचलली, चूक माझी. आता फिरणाऱ्या मेसेजमध्ये ‘आधी नोंदणी शुल्क भरा’ ही ओळ कुणीतरी जोडली आहे. ती माझी नाही, आणि असे पैसे कुणालाही पाठवू नका.

संस्थेचे नियम काल नीट वाचले. ही ब्रिटिश धर्मादाय संस्था विकसनशील देशांतल्या छोट्या संवर्धन प्रकल्पांना अनुदान देते. कशाला पैसे मिळणार नाहीत, त्या यादीत शिक्षणाची फी आहे, परिषदांचा खर्चही आहे. गोंधळ होतो कारण पीएचडी करणारे बरेच जण तिथे अर्ज करतात. पण त्यांना मिळतं ते फील्डवर्कसाठी: जंगलातला प्रवास, स्थानिक मदतनिसांचा मेहनताना, गावातल्या बैठका. शिवाय त्या कामाचा प्राण्याला किंवा अधिवासाला प्रत्यक्ष उपयोग दाखवावा लागतो. निव्वळ संशोधन चालत नाही.

फी आणि निर्वाहभत्ता हवा असेल, तर वेगळी दारं ठोठवावी लागतात. जर्मनीची डाड (DAAD) ही शिष्यवृत्त्या देणारी संस्था पीएचडीसाठी मासिक भत्ता देते. अनेकदा गाइडच्या प्रकल्पातूनच फेलोशिप निघते, म्हणून आधी गाइडला मेल करा.

जुनी पोस्ट काढली आहे. तिचा स्क्रीनशॉट कुठल्या ग्रुपवर दिसला, तर पुढे पाठवू नका. तिथे हा खुलासा टाका.