तळमजला गाड्यांना द्यायचा की कामाला? फडके हौदाच्या कट्ट्यावरचा एक वाद

पुण्यातल्या कसबा पेठेतल्या एका वाड्याच्या पुनर्विकासाचा नकाशा मुक्ताने गेल्या शनिवारी फडके हौदाजवळच्या आमच्या कट्ट्यावर उलगडला आणि त्यावरून जो वाद सुरू झाला, तो दुकानांची शटर खाली येईपर्यंत थांबला नाही. जागा सुमारे तीन गुंठ्यांची, रस्त्याकडची रुंदी जेमतेम नऊ मीटर. आज या वाड्याच्या तळमजल्यावर दत्ताभाऊंचा तांब्याच्या भांड्यांचा कारखाना आहे, शेजारी वह्या-पुस्तकांची बांधणी करणारे एक गृहस्थ आहेत आणि मागच्या खोलीत सुनीतावहिनींचे शिवणकाम चालते. तिघेही तिथेच राहतात. नव्या नकाशात तळमजल्यावर जिना, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि उरलेल्या सगळ्या जागेत गाड्यांच्या आखलेल्या चौकटी आहेत. घरे पहिल्या मजल्यापासून सुरू होतात. मुक्ता वास्तुविशारद आहे आणि नकाशा तिचाच आहे, पण असा नकाशा काढण्याची तिची मुळीच इच्छा नव्हती.

“डिसेंबर 2020 मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिच्यात सदनिका जितकी मोठी तितक्या गाड्यांची जागा ठेवणे सक्तीचे आहे,” ती म्हणाली. “अगदी लहान भूखंडांना काही सवलती आहेत, परंतु वाडा पाडून सगळ्या भाडेकरूंना आणि मालकांना घरे द्यायची म्हटले की आपण त्या सवलतींच्या बाहेर जातो. मग तळमजला गाड्यांना द्यावाच लागतो, त्या घरांत गाडी असो वा नसो.”

शिरीषकाकांनी लगेच हरकत घेतली. ते नगरपालिका अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत आणि बांधकाम परवानग्यांचे काम त्यांनी आयुष्यभर केले आहे. त्यांचे म्हणणे असे की, नियम करणाऱ्यांना पेठेचा द्वेष नव्हता. इमारतीत जागा नसेल तर गाडी रस्त्यावर येते, रस्ता अरुंद होतो आणि एखाद्या रात्री अग्निशामक दलाचा बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकून पडतो. “ज्याच्या घरी गाडी येणार, त्याने तिची सोय स्वतःच्या जागेत करावी, हे तत्त्व चुकीचे कसे?” त्यांनी विचारले.

तत्त्व चुकीचे नाहीच. मात्र आजचा नियम त्या तत्त्वाप्रमाणे चालत नाही, हे मुक्ताने ज्या रीतीने मांडले ते मला पूर्णपणे पटले. ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यावर हा नियम कसलीच जबाबदारी टाकत नाही. तो घर बांधणाऱ्यावर जबाबदारी टाकतो आणि तिचा खर्च घर घेणाऱ्या प्रत्येकाकडून वसूल होतो. 2010 साली नहालचंद लालूचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, इमारतीखालची स्टिल्ट पार्किंगची, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यावरची गाड्यांची जागा सामाईक असल्यामुळे बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. ग्राहकाच्या बाजूने तो निकाल योग्यच होता. परंतु सामाईक जागेचा खर्च सगळ्या घरांच्या किमतीत मिसळतो, म्हणजे सायकलवर फिरणारा पुस्तकबांधणीवालाही वरच्या मजल्यावरच्या मोटारीच्या जागेचे पैसे भरतो आणि त्याच जागेपायी स्वतःचे दुकान गमावतो.

ही जागा किती, याचाही हिशेब कट्ट्यावरच झाला. मोटार उभी राहण्याची चौकट साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते, पण गाडी आत आणायला आणि वळवायला लागणारी जागा वेगळी. दिल्लीच्या बृहत् आराखड्यात एका मोटारीसाठी उघड्यावर 23, इमारतीखाली 28 आणि तळघरात 32 चौरस मीटर धरलेले आहेत. 28 चौरस मीटर म्हणजे तीनशे चौरस फूट. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेत (शहरी) आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या घराची मर्यादा 30 चौरस मीटर चटईक्षेत्राची होती. एका मोटारीला आपण सक्तीने जेवढी जागा देतो, जवळपास तेवढ्याच जागेत सरकारने एका कुटुंबाचा संसार बसवला, ही गोष्ट मी ऐकली तेव्हा मला खरोखर अस्वस्थ वाटले आणि आजही वाटते.

निखिलला हे एकतर्फी वाटले. तो सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतो आणि त्याच्या वडिलांना वारंवार रुग्णालयात न्यावे लागते. “मुक्ता, रात्री अकरा वाजता वडिलांना घेऊन परतल्यावर गाडीला जागा शोधत फिरणे काय असते, हे या हिशेबात येत नाही,” तो म्हणाला. “शिवाय घरातून काम आता माझ्यासारखे कितीतरी लोक करतात. त्यासाठी तळमजला लागत नाही; एक खोली आणि इंटरनेट पुरते. मग राहणे आणि काम एकत्र असावे म्हणून पार्किंग काढायची गरजच काय?”

याचे उत्तर दत्ताभाऊंनी दिले. ते सहसा फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी आपले काम आम्हाला नीट समजावून सांगितले. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भट्टीत तापवून मऊ करावा लागतो. भांड्याचा आकार आला की त्यावर लहान हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत मठारकाम करतात. भांड्याला चकाकी येते ती त्यानेच आणि पत्र्याला ताकदही त्यानेच येते. हंडा असो, घंगाळ असो की बंब असो, या ठोक्यांचा भार खालच्या जमिनीने घ्यावा लागतो. “भट्टी आणि ऐरण तिसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवा,” ते म्हणाले. “खालच्या घरातली माणसे पहिल्याच दिवशी भांडायला येतील आणि त्यांचे बरोबर असेल. आमच्या तांबट आळीत पेशव्यांच्या काळापासून खाली काम आणि वर किंवा मागे घर अशीच रचना आहे, ती उगाच नाही.”

सुनीतावहिनींची अडचण याहून साधी आणि म्हणूनच जास्त लोकांना लागू पडणारी आहे. त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका बहुतेक मंडईत जाता-येता कापड टाकतात. दार रस्त्यालगत आहे म्हणून त्या येतात. तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर त्यातल्या वयस्कर बायका येणार नाहीत आणि बाकीच्यांच्या येण्या-जाण्यावर सोसायटी आक्षेप घेईल, अशी त्यांना भीती आहे. नियमाने रहिवासी विभागात घरच्या माणसांनी पगारी माणूस न ठेवता करायचे घरगुती व्यवसाय चालतात. पण वहिनींकडे काज-बटणाला एक मुलगी येते आणि सणासुदीला दोघी येतात. त्यांच्या व्यवसायाला परवानगी आहे की नाही, हे नेमके सांगणे काकांनाही जड गेले.

थोडक्यात, निखिलचे काम कुठेही होऊ शकते आणि दत्ताभाऊंचे, वहिनींचे, दंतवैद्याचे, सायकल दुरुस्तीवाल्याचे काम जमिनीलगतच होऊ शकते. मोटारीलाही जमिनीलगतचीच जागा हवी असते. दोघांची मागणी एकाच जागेवर आहे, आणि नियमावली त्यातल्या एकीला सक्तीचे संरक्षण देते तर दुसरीचा विचारही करत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

मुक्ताने लॉस एंजेलिसचे उदाहरण दिले आणि ते मुद्दाम दिले, कारण मोटारीवर इतके अवलंबून असलेले शहर शोधूनही सापडणार नाही. तिथल्या मध्यवर्ती भागातल्या जुन्या कचेऱ्यांच्या इमारती वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या होत्या. 1999 साली शहराने अध्यादेश काढला की, अशा इमारतींचे रूपांतर घरांत किंवा राहणे आणि काम एकत्र असलेल्या जागांत करायचे असेल तर नवे पार्किंग बांधण्याची सक्ती नाही; आहे तेवढे टिकवावे. पुढच्या काही वर्षांत तिथे हजारो घरे झाली. मायकेल मॅनव्हिल या अभ्यासकाने त्यांचा मागोवा घेतला तेव्हा दिसले की, बिल्डरांनी पार्किंग देणे बंद केले नाही. काहींनी इमारतीत दिले, काहींनी शेजारच्या वाहनतळात भाड्याने घेतले आणि काहींनी गाडीची जागा नसलेली घरे कमी किमतीत विकली. सक्ती गेल्यावर निवड आली, एवढाच फरक. बफेलो आणि मेक्सिको सिटी या शहरांनी 2017 मध्ये किमान पार्किंगची सक्ती काढून टाकली.

“त्या शहरांत रस्त्यावर गाडी लावली तर पावती फाटते,” काका म्हणाले. “आपल्याकडे 2018 मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केले, तेही आधी पाच रस्त्यांवर प्रयोग करण्यापुरते, आणि त्याचीही अंमलबजावणी रखडली. रस्ता फुकट आहे तोवर इमारतीतली सक्ती काढाल, तर दत्ताचा कारखाना वाचेल, पण त्याच्याच दारात दोन अनोळखी गाड्या दिवसभर उभ्या राहतील आणि त्याला पत्र्याचा टेम्पो उतरवायला जागा मिळणार नाही.”

काकांचा हा आक्षेप मला त्या संध्याकाळचा सर्वांत वजनदार मुद्दा वाटला. पार्किंगची सक्ती काढा असे म्हणणारे लोक पुष्कळदा इथे घाईने पुढे जातात. जपानमध्ये 1962 च्या कायद्यापासून मोटार घेणाऱ्याला आपल्याकडे जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो; ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते आणि रस्त्यावर रात्रभर गाडी ठेवता येत नाही. म्हणूनच तिथल्या लहान इमारतींवर पार्किंगची सक्ती न करता चालते आणि टोकियोच्या जुन्या वस्त्यांमधून खाली दुकान, वर घर अशा अरुंद इमारती टिकून आहेत. आपल्या राज्याच्या परिवहनमंत्र्यांनीही 2025 मध्ये जागेचा पुरावा असल्याशिवाय मोटारीची नोंदणी करू नये, अशी भूमिका मांडली. ती प्रत्यक्षात आली, तर काकांचे मूळ तत्त्व पाळले जाईल आणि भार योग्य माणसावर पडेल.

निखिल यावर अस्वस्थ झाला, कारण त्याच्याकडे गाडी आहे आणि जागा नाही. पण त्याने एक प्रामाणिक कबुली दिली: महिन्याचे ठराविक पैसे भरून गल्लीतली किंवा मंडईच्या वाहनतळातली एक जागा रात्री हमखास मिळणार असेल, तर तो ते पैसे आनंदाने भरेल. त्याला फुकट जागा नको आहे, खात्रीची हवी आहे.

यानंतर काकांनी स्वतःहून दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मुक्ताच्याच बाजूच्या होत्या. एक, नऊ मीटर दर्शनी रुंदीच्या जागेत गाड्या आत नेण्यासाठी तीन-साडेतीन मीटरची वाट सोडावी लागते. त्या वाटेसमोर कोणाला गाडी लावता येत नाही, म्हणजे आत जागा करताना रस्त्यावरची एक जागा आपण घालवतोच. दोन, खाली नुसते खांब आणि वर भिंतींची घरे ही रचना भूकंपात कमजोर ठरते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भूजपासून इतक्या दूर अहमदाबादमध्ये ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांत अशा मोकळ्या तळमजल्याच्या इमारती बऱ्याच होत्या. अशा तळमजल्यासाठी आरेखनाचे वेगळे नियम आहेत आणि ते पाळले तर धोका टळतो, हेही त्यांनी तितक्याच आग्रहाने सांगितले.

मग प्रश्न उरला तो सवलत द्यायची कशी याचा. 29 सप्टेंबर 2024 पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू आहे. कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्थानके या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. स्थानकाभोवतीच्या 500 मीटरमध्ये जादा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात जास्त बांधकाम, देण्याचे धोरण राज्याने आधीच स्वीकारले आहे. मेट्रो आहे म्हणून जास्त मजले द्यायचे आणि त्याच मजल्यांसाठी जास्त गाड्यांची जागाही सक्तीने मागायची, यातला विरोध मला कोणी समजावून सांगू शकलेले नाही. म्हणून मुक्ताची मागणी अशी की, निदान या परिघात किमान पार्किंगची अट ऐच्छिक करावी आणि वाचलेला तळमजला त्याच इमारतीत राहणाऱ्याच्या कामासाठी राखावा.

“आणि पाच वर्षांनी तिथे मोमोजचे दुकान निघाले तर?” निखिलने विचारले. भीती खोटी नाही. लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये राहत्या घरांची गोदामे झालेली आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. काकांनी सुचवले की, तळमजल्याचा गाळा आणि वरची सदनिका एकाच करारात, एकाच नावावर नोंदवावी, म्हणजे दोन्ही वेगवेगळे विकता येणार नाहीत. दत्ताभाऊंना हे पटले नाही. त्यांचा मुलगा हे काम पुढे करेल याची त्यांना खात्री नाही आणि म्हातारपणी गाळा भाड्याने देऊन वर राहता आले नाही, तर असे बंधन आपल्याच गळ्यात पडेल, असे ते म्हणाले. त्यावर मुक्ताने बंधन विक्रीवर ठेवावे आणि भाड्याला मोकळीक द्यावी, मात्र भाडेकरूचा व्यवसाय ठरलेल्या यादीतला असावा, असा मार्ग काढला. ती यादी कोणी करायची, यावर पुन्हा मतभेद झाले.

मला स्वतःला काकांचा क्रम मान्य आहे आणि मुक्ताची मागणी मान्य आहे. आधी गल्लीतल्या जागेला दर आणि रहिवाशांना परवाने, बंबाच्या वाटेवर एकही गाडी नाही. आणि हे ज्या गल्लीत प्रत्यक्ष होईल तिथे त्याच दिवसापासून पार्किंगची सक्ती रद्द. सगळ्या शहराची वाट पाहत बसलो, तर हा वाडा जुन्याच नकाशाने उभा राहील. मुक्ताने आता दुसरा नकाशा करायला घेतला आहे, ज्यात दर्शनी बाजूला तीन गाळे, मागे दुचाकींची जागा आणि फक्त चार मोटारी आहेत. सध्याच्या नियमात तो मंजूर होणार नाही हे तिला माहीत आहे, तरी सवलतीच्या अर्जासोबत तो जोडायचा असे ठरले आहे आणि अर्जाचा मसुदा शिरीषकाका लिहून देणार आहेत.