बॅटरी गार ठेवा, पण गारठलेली चार्ज करू नका

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो: लिथियम-आयन बॅटरी जितकी थंड, तितकी टिकाऊ, म्हणून फोन, पॉवर बँक फ्रीजमध्ये ठेवा आणि चार्जही गारच करा. जोडीला आणखी दोन दावे असतात. बॅटरीचा ऋण इलेक्ट्रोड ज्या ग्राफाइटचा (कार्बनचा एक प्रकार) असतो, ते ३००० अंशांच्या भट्टीत बनतं, तेव्हा उन्हाने त्या इलेक्ट्रोडला काही होत नाही. आणि थंडीत बॅटरी लवकर उतरली, तर ती खराब झाली. हे वाचून लोक खरोखर फोन फ्रीजमध्ये ठेवतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

‘जितकी थंड तितकी टिकाऊ.’ पडून असलेल्या बॅटरीपुरतं हे बरंचसं खरं आहे. अर्धी चार्ज करून गार, कोरड्या जागी ठेवली तर तिची झीज कमी होते. चार्जिंगचं गणित मात्र वेगळं आहे. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात आणि दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम मावतो. थंडीत हे शिरणं फार मंदावतं, पण चार्जर प्रवाह ढकलतच राहतो. त्यातून पूर्ण चार्ज होत आलेल्या ग्राफाइटचं विभव, म्हणजे विद्युत पातळी, लिथियम धातूपेक्षा जेमतेम ०.१ व्होल्टने वर असतं. तेवढं अंतर संपलं की आत जागा शिल्लक असूनही लिथियम पृष्ठभागावरच धातू होऊन साचू लागतो. त्यातला काही पुन्हा विरघळतो. उरलेला इलेक्ट्रोलाइटशी (आयन वाहून नेणाऱ्या द्रवाशी) अभिक्रिया करून किंवा सुटा पडून कायमचा निकामी होतो, आणि तेवढी क्षमता परत येत नाही. हा धातू काट्यांसारखा वाढत सेपरेटरच्या, म्हणजे दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणाऱ्या पडद्याच्या, पार गेला तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं.

म्हणूनच अनेक सेलच्या माहितीपत्रकात वापरासाठी उणे २० ते ६० अंश लिहिलेले असतात, पण चार्जिंगसाठी ० ते ४५. शून्याच्या वर गेलं की धोका संपला, असंही नाही. प्रवाह मोठा असेल तर धातू त्याच्या वरही साचतो. फ्रीजमध्ये साधारण ४ अंश असतात. तिथून काढलेला फोन लगेच फास्ट चार्जरला लावणं ही नेमकी टाळायची गोष्ट आहे. शिवाय मुंबई-कोकणच्या दमट हवेत गार फोन बाहेर काढताच त्यावर पाणी धरतं, ते वेगळंच.

‘ग्राफाइटला उष्णता काय करणार?’ कृत्रिम ग्राफाइट ३००० अंशांच्या आसपास बनवतात, हे खरं. पण बॅटरीत झिजतो तो ग्राफाइटवरचा पातळ थर. पहिल्या काही चार्जिंगमध्ये इलेक्ट्रोलाइट आणि लिथियम यांच्यातून तो तयार होतो आणि पुढे ग्राफाइटचं रक्षण करतो. उष्णतेत तो जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी वापरातला थोडा लिथियम गिळतो. साधारण ८० ते १२० अंशांत तो विघटित होऊ लागतो. बॅटरी पेटण्याच्या साखळीतली ही सुरुवातीची पायरी. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांत हा थर विघटित होत नाही, पण झीज नक्की वाढते. पूर्ण चार्ज केलेली स्कूटर दुपारभर उन्हात उभी करणं सर्वांत वाईट, कारण लिथियमने भरलेलं ग्राफाइट तेव्हा सर्वाधिक क्रियाशील असतं.

जर्मनीत उल्म इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उणे २० ते ७० अंशांपर्यंत सेल चालवून नंतर ते उघडून पाहिले. त्यांच्या सेलमध्ये झीज सर्वांत कमी होती सुमारे २५ अंशांना. त्याखाली धातू साचणं वरचढ, त्यावर थराची वाढ. प्रत्येक सेलचा आकडा हाच नसेल, पण ‘जितकी थंड तितकी टिकाऊ’ हे सूत्र इथेच मोडतं.

तिसरा दावा, थंडीत लवकर उतरली म्हणजे खराब झाली. नाही. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून प्रवाहाला होणारा अडथळा, वाढल्यामुळे ती लवकर संपल्यासारखी वाटते. ऊब मिळाली की क्षमता परत दिसते. लेहच्या हिवाळ्यात फोन बंद पडला तर आधी तो अंगाशी धरून कोमट होऊ द्या, मग चार्जर लावा.