ब्लेड गाडीवर चालू देऊ नका

दसऱ्याला गाडी घेणाऱ्या दोन मैत्रिणींनी या आठवड्यात मला एकच प्रश्न विचारला. "पीपीएफ करून घेऊ का गं? शोरूमवाले सव्वा लाख सांगतायत." पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, गाडीच्या रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. दोघींशी फोनवर अर्धा-अर्धा तास बोलले. आता ते सगळं एकदा नीट लिहूनच टाकते. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या डोक्यात हा खर्च घोळतोय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

माझी आधीची गाडी पांढरी हॅचबॅक होती. २०१९ साली घेतलेली, स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली गाडी. डिलिव्हरीनंतर आठवड्याच्या आतच एका दुकानात पूर्ण गाडीला पारदर्शक फिल्म लावून घेतली. इतरांपेक्षा बऱ्याच कमी पैशांत झाली म्हणून खूश होते. फिल्म कुठली, असं विचारलं तर "इम्पोर्टेड आहे मॅडम" एवढंच उत्तर मिळालं आणि मीही पुढे विचारलं नाही. दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात बॉनेट पिवळट दिसायला लागलं, जुन्या वहीच्या पानासारखं. चौथ्या वर्षी फिल्म काढायला दिली, तर ती सलग निघेचना. गरम करायचं, बोटभर पट्टी निघायची, तुटायची, खाली गोंद तसाच.

फिल्म निघाल्यावर खरा धक्का बसला. बॉनेटच्या कडेला समांतर एक केसासारखी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हेडलाइटच्या कडेने तशीच. पेट्रोलच्या झाकणाभोवती गोल. नख फिरवलं की अडकायचं. बॉनेटच्या रेघेत दोन ठिकाणी तपकिरी ठिपके आले होते, म्हणजे पत्र्याला गंज धरायला लागला होता. फिल्म गाडीवर अंथरून जास्तीचा भाग तिथेच ब्लेडने कापला होता आणि ब्लेड रंगातून थेट पत्र्यापर्यंत गेलं होतं. रंग वाचवायला मी पैसे मोजले आणि पहिल्याच दिवशी तो रंग कापला गेला होता. दुकानाला फोन केला तर म्हणाले, "ते कंपनीतूनच आलं असेल." तेव्हा मला रडू आलं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

म्हणून दुसऱ्या गाडीच्या वेळी मी आधी दोन महिने शिकले, मग पैसे दिले.

गाडीचा रंग आपल्याला वाटतो तेवढा जाड नसतो. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट, सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन, आपल्या केसापेक्षाही बारीक. चांगली पीपीएफ १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणजे फिल्मच अख्ख्या रंगापेक्षा जाड. ती पॉलियुरेथेनची असते, रबरासारखी दबते आणि परत येते, त्यामुळे खडा आदळला की मार तिच्यावर बसतो. मुळात हे तंत्र व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं. अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरची पाती धुळीने आणि खड्यांनी झिजायची, त्यांवर अशी फिल्म लावायचे. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि मग आपल्यापर्यंत.

"एवढं काय त्यात, टवका उडाला तर रंगवून घ्यायचा," असं माझे काका म्हणतात आणि बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. कारखान्यात नुसती बॉडी असते, काचा नाहीत, वायरिंग नाही, प्लास्टिक नाही. म्हणून तिथे रंग १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. गॅरेजमध्ये अख्खी गाडी उभी असते, तिथे बूथ असला तरी ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं. रंगही वेगळ्या प्रकारचा वापरतात. कारखान्यातला तो पहिला रंग परत कधीच मिळत नाही. शिवाय बॉनेटसाठी इन्शुरन्सचा क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, जाते, जी पाच वर्षं क्लेम न करता ५० टक्क्यांपर्यंत चढलेली असते.

मी कामासाठी महिन्यातून तीन-चार वेळा पुणे-कोल्हापूर करते. सातारा ते कागल रस्त्याचं काम चालू, खडीचे डंपर ताडपत्रीशिवाय पळतात, ऊस सुरू झाला की ट्रॉल्या. पांढऱ्या गाडीला फिल्म काढल्यावर सहा महिन्यांत बॉनेटवर मोजून अकरा टवके पडले. त्यामुळे माझ्यासारख्या हायवेवर फिरणाऱ्या माणसाने पीपीएफ करावीच, या मताची मी आहे. जी गाडी घर, ऑफिस आणि भाजी मंडई एवढंच फिरते, तिच्या मालकाने एवढे पैसे घालू नयेत. आणि दहा-बारा लाखांच्या गाडीला पूर्ण फिल्म करण्यासाठी दीड लाख कुणीच घालू नयेत. खडे समोरून येतात. बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर, आरसे, हेडलाइट, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, मागच्या चाकापुढचा भाग, दाराच्या मुठीमागची खोबण आणि डिकीत सामान चढवताना घासते ती मागच्या बंपरची कड. एवढं केलं की नव्वद टक्के काळजी मिटते. मला पूर्ण गाडीचा दर सांगितला होता त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत हे झालं.

शोरूममध्ये एक घोळ हमखास होतो. टेफ्लॉन कोटिंग, सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफ ही तिन्ही नावं एकाच दमात घेतली जातात. सिरॅमिक कोटिंगचा थर फार फार तर एक-दोन मायक्रॉनचा. त्याने पाणी घरंगळतं, चमक येते, धुणं सोपं होतं. डंपरमागून उडालेला खडा त्याने अडत नाही. खड्यासाठी फिल्मच लागते. हवं तर फिल्मवर सिरॅमिक करा.

फिल्म घेताना "टीपीयू आहे का" (म्हणजे वर सांगितलेल्या पॉलियुरेथेनची) हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. बाजारात टीपीएच नावाने जी स्वस्त फिल्म येते ती बहुतेक पीव्हीसीचीच असते. माझी पहिली तीच असावी. तुकडा मागून दोन हातांनी ताणून बघा. टीपीयू ताणून सोडली की आकसते, पीव्हीसी ताणलेलीच राहते. दुकानात तारेच्या ब्रशने ओरखडे काढून गरम पाणी ओतून दाखवतात, ओरखडे गायब होतात. ते खरं आहे, पण फक्त वरच्या थरातल्या बारीक चऱ्यांपुरतं. वॉचमनदादा रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसतात, त्याने जे गोल गोल चरे पडतात ते उन्हात भरून येतात. कुणी किल्लीने ओढलेली रेघ भरून येत नाही. फिल्म परदेशीच हवी, हाही हट्ट सोडा. गरवारे हाय-टेक फिल्म्स आपल्या छत्रपती संभाजीनगरला पीपीएफ बनवते आणि बाहेर देशांत पाठवते.

पण माझ्या मते ब्रँडपेक्षा लावणारा हात मोठा. उत्तम फिल्म वाईट हातात गेली की गेली. या वेळी मी सात दुकानं फिरले आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला. "फिल्म कुठे कापता?" पाच ठिकाणी उत्तर आलं, "गाडीवरच, पण आपला हात एकदम सेट आहे." मी उठून आले. सहाव्या ठिकाणी मशीनवर कापतात म्हणाले, पण शेजारीच वेल्डिंग चालू होतं, हवेत धूळ. सातव्या ठिकाणी मालकाने कॉम्प्युटरवर माझ्या मॉडेलचा नकाशा उघडून दाखवला, प्रत्येक तुकडा कसा कापला जाणार ते दाखवलं. तिथे दिली.

दोन दिवस काम चाललं, पहिला अख्खा दिवस मी तिथेच बसून होते. लावणारा मुलगा पंचविशीचा, सोलापूरकडचा. सुरुवातीलाच घड्याळ काढलं, पट्टा काढला, नखं तपासली. जमिनीवर पाणी मारलं, धूळ उडू नये म्हणून. मग गाडी धुतली, क्लेने म्हणजे रंगावर बसलेले कण उचलणाऱ्या मऊ गोळ्याने घासली. नव्या कोऱ्या गाडीचा क्ले बघता बघता करडा झाला. म्हणाला, "ताई, यार्डात महिनाभर उभी असते गाडी, ट्रेलरवरून येते, लोखंडाचे कण बसतात." मग जाडी मोजायचं मीटर प्रत्येक पत्र्यावर लावून आकडे कागदावर लिहिले. ११२, ११८, १०९. हे मोजणं महत्त्वाचं आहे. एखाद्या पत्र्यावर २५० आलं, तर तो परत रंगवलाय असं समजा. तसं निघालं तर ते आधी शोरूमकडून लिहून घ्यावं, कारण उद्या फिल्म काढताना असा रंग फिल्मबरोबर सोलून येऊ शकतो.

लावण्याची रीत बघण्यासारखी आहे. बॉनेटवर बेबी शाम्पूचं पाणी फवारलं, फिल्मच्या चिकट बाजूवरही फवारलं, दोघांनी चार कोपरे धरून अलगद सोडली. आता ती पाण्यावर तरंगते, कुठेही सरकवता येते. जागेवर बसल्यावर कडांखाली अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारलं, तिथे ती पकडते. मग मधून बाहेर स्क्वीजीचा, म्हणजे पाणी ओढायच्या पट्टीचा, एकेक हात, आधीच्या हातावर थोडा चढवून. पाण्याची लाट कडेकडे पळताना दिसते. कडा लगेच दुमडल्या नाहीत. वाळू दिल्या, हीट गन लांबून फिरवली आणि मग बॉनेटच्या आतल्या बाजूला अंगठ्याने वळवल्या. बंपरच्या एका वळणावर फिल्म जास्त ताणली गेली आणि ताणाची पांढरट रेघ राहिली. मला दिसलीही नव्हती. त्याने स्वतः अख्खा तुकडा सोलून टाकला आणि दुसरा कापायला लावला. मालकाने एक शब्द विचारला नाही. माझा त्या दुकानावर विश्वास बसला तो त्या क्षणी.

गाडी घरी आणल्यावर बॉनेटवर छोटे फुगे दिसतील. घाबरू नका. दाबल्यावर सरकतात ते पाण्याचे असतात, पंधरा दिवसांत जिरतात, पावसाळ्यात थोडे जास्त. खाली अडकलेला कचरा किंवा केस मात्र जिरत नाही. तो पहिल्याच दिवशी दाखवून बदलून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. पहिला आठवडा गाडी धुवायची नाही. पुढे प्रेशरच्या पाण्याचा पाइप हातभर लांब धरायचा आणि कडेवर कधीच मारायचा नाही. पक्ष्याची विष्ठा उन्हात तशीच ठेवली तर फिल्मवरही डाग राहतो, त्याच दिवशी ओल्या कपड्याने उचला. वॉरंटी असते ती पिवळेपणा, तडे आणि सुटण्याची, खड्याने फाटल्याची नाही. ती रोलच्या नंबरवर तुमच्या गाडीचा नंबर घालून कंपनीकडे नोंदवलेली हवी, दुकानाच्या छापील कार्डावर नको.

आणखी एक, कुणी रंगीत पीपीएफ सुचवेल. दिसते सुंदर, पण आरसीवर जो रंग आहे तो बदलला की आधी आरटीओची परवानगी लागते.

परवा खंबाटकीच्या अलीकडे एका डंपरमागे सापडले. टक्कन आवाज आला, पोटात धस्स झालं. शिरवळला चहाला थांबले तेव्हा बॉनेटवर ती जागा शोधून काढली. फिल्मवर तांदळाएवढा खड्डा होता. नख फिरवलं, खाली रंग शाबूत होता. फोटो कमेंटमध्ये टाकतेय, त्याच्या शेजारीच पांढऱ्या गाडीच्या ब्लेडच्या रेघेचाही. ती गाडी आता माझा भाऊ चालवतो आणि दर पावसाळ्याआधी त्या रेघेत टच-अपचा रंग भरतो.